दगडातलं फूल आणि उलटं घड्याळ

या, असे जवळ सरका. मागच्यांनी खुर्च्या पुढे घ्या. आज एका घड्याळाची, एका दगडाची आणि एका गळ्याची गोष्ट सांगतो. त्यात खोटं अक्षर एकही नाही. असलंच तर दोन-चार!

आधी घड्याळ. वॉटफर्डला येऊन मला वीस वर्षं झाली होती, पण मनगटावर कायम पुण्याची वेळ! फरक साडेपाच तासांचा, त्यामुळे घड्याळ उलटं धरलं की थेट इंग्लंडची वेळ दिसते. करून बघा! इथले लोक वर्षातून दोनदा काटे पुढे-मागे करत बसतात. मी नाही. उन्हाळा लागला की मनातल्या मनात एक तास मिळवायचा, संपलं! "माझं घड्याळ चुकूच शकत नाही," असं मी ऑफिसात छाती काढून सांगत असे.

आता दगड. केंटच्या किनाऱ्यावर खडूचे पांढरेशुभ्र कडे आहेत. आठ कोटी वर्षांपूर्वी तो समुद्राचा तळ होता. त्यात सी-अर्चिनचे, म्हणजे काटेरी चेंडूसारख्या समुद्री जीवांचे, फॉसिल सापडतात. काटे गळालेले, लिंबाएवढे, आणि पाठीवर ठिपक्यांच्या रांगोळीसारखं पाच पाकळ्यांचं फूल! ते वेचायचा मला नाद. एकोणचाळीस जमले होते.

आणि गळा कीर्तनकार हरिदासबुवांचा. १९९०च्या मार्चमध्ये ते आमच्याकडे उतरले होते. रविवारी दुपारी चारला ईलिंगच्या हॉलमध्ये कीर्तन. तीन वर्षांत पहिलं! दोनशे माणसं येणार, आणि आयोजक मी. बुवांनी माझे दगड पाहिले आणि हरखलेच.

"श्रीनिवासराव, समुद्राच्या तळाशी, अंधारात, बघायला कोणी नसताना देवाने हे फूल काढलं कुणासाठी? पूर्वरंगाला हाच विषय! पण सापडताना बघायला मिळेल का हो?"

"मिळेल म्हणजे काय! रविवारी सकाळी जाऊ. चारच्या आत ईलिंग!"

सुमेधा, आमची मंडळी, शनिवारीच लाडू वळायला ईलिंगला मैत्रिणीकडे निघाली. दारातून म्हणाली, "अहो, त्यांच्या गळ्याला वारा लागू देऊ नका. गळा बसला तर दोनशे माणसांपुढे तुम्ही उभे राहा!"

"काळजी करू नकोस," मी म्हणालो. हे वाक्य मी म्हटलं की ती काळजी करायला लागते.

रविवारी किनाऱ्यावर पोचलो. बुवांच्या अंगावर धोतर, वर माझा ओव्हरकोट, पायात माझे वेलिंग्टन बूट, गळ्याला सुमेधाचे दोन मफलर. कीर्तनाच्या दिवशी उभं राहीपर्यंत बुवांचं मौन असे. सगळा कारभार खुणांनी!

चहाच्या गाडीवरच्या मिसेस प्रिचर्ड माझ्या ओळखीच्या. त्यांनी बजावलं, "एकच्या आत ते कड्याचं टोक ओलांडून परत या हं. नंतर भरतीचं पाणी कड्याला लागतं. वर चढायला वाट नाही."

मी ऐटीत घड्याळ उलटं धरलं. अकरा! दोन तास! राज्य आपलं!

टोक ओलांडून पलीकडे गेलो. एकही फॉसिल सापडेना. अर्धा तास, पाऊण तास गेला. आणि एका खडकात मला ते दिसलं! लिंबू कसलं, चांगलं संत्र्याएवढं! फूल अर्धं बाहेर, अर्धं खडूत. मी गुडघ्यांवर बसून छिन्नी चालवू लागलो.

बुवांनी खांद्याला हात लावला आणि समुद्राकडे बोट दाखवलं.

"हो ना! किती सुंदर!" मी म्हणालो.

पाच मिनिटांनी त्यांनी हात आडवा धरून गुडघ्यापासून कमरेपर्यंत वर नेला.

"बरोबर, बुवा. पूर्वी समुद्र इथपर्यंत होता. किंबहुना याच्याही वर!"

मग त्यांनी मला कोपरापासून हात जोडले. मी गहिवरलो. दगडातल्या देवाला नमस्कार! मीही छिन्नी ठेवून हात जोडले.

तेवढ्यात माझी पिशवी माझ्यासमोरून तरंगत गेली.

वळून बघतो तर काय! टोकापाशी लाटा कड्यावर आपटत होत्या. वाळू म्हणून जी उरली होती, ती आमच्या दिवाणखान्यातल्या सतरंजीएवढी! घड्याळ उलटं धरलं. बारा वाजून दहा मिनिटं! "अजून पन्नास मिनिटं आहेत!" मी समुद्राला ओरडून सांगितलं. समुद्राने माझ्या बुटात पाणी भरलं.

"हेल्प! हेल्प!" माझा आवाज कौन्सिलच्या ऑफिसात पलीकडच्या टेबलापर्यंत जात नाही, तो टोकापलीकडे काय जाणार? पाणी गुडघ्याला आलं. पाठीमागे उभा पांढरा कडा. माझ्या मनात एकच विचार: या माणसाला मी त्याच्या घरच्यांना काय सांगून इथे आणलं होतं?

बुवांनी माझ्याकडे पाहिलं. मग शांतपणे पहिला मफलर काढला. मग दुसरा.

"बुवा, नको! गळा!"

"श्रीनिवासराव," बुवा मौन सोडून म्हणाले, "हा तुमचा अर्चिन आठ कोटी वर्षांपूर्वी इथे बसला, तो अजून घरी गेलेला नाही. तुमचा विचार काय आहे?"

आणि त्यांनी विठोबाच्या नावाचा गजर सुरू केला. चाळीस वर्षं माइकशिवाय देवळं भरून टाकलेला तो गळा! कड्यावरचे पक्षी उडाले. पाणी मांडीला आलं, बुवा वरच्या पट्टीत. पाणी कमरेला, बुवा त्याच्याही वर. मी दगड डोक्यावर धरून रडत साथ करत होतो.

शेवटी टोकाला वळसा घालून एक छोटी मोटरबोट आली. वल्ह्यापाशी मिसेस प्रिचर्ड, इंजिनावर त्यांचा नवरा.

"मला वाटलं धुक्यात अडकलेल्या जहाजाचा भोंगा वाजतोय!" बाई ओरडल्या. "एकच्या आत या म्हटलं होतं ना? आता दीड होत आला!"

"छे! साडेबारासुद्धा नाहीत!" मी घड्याळ उलटं धरून दाखवलं.

बाईंनी माझ्याकडे फार मायेने पाहिलं. "अरे राजा, आज पहाटे घड्याळं तासभर पुढे गेली. आजपासून समर टाइम!"

बुवांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. आवाजच फुटेना. गळा पार बसला होता!

चार वाजून दहा मिनिटांनी हॉलवर पोचलो. सुमेधा दारातच. तिने आमच्या ओल्या कपड्यांकडे पाहिलं, मग माझ्या मनगटाकडे पाहिलं. तिला काही सांगावं लागलं नाही. तिने एवढंच म्हटलं, "उभे राहा."

ठरलं असं, की बुवा माझ्या कानात कुजबुजतील आणि मी मोठ्याने सांगेन. पेटीवर तो दगड ठेवला. पूर्वरंग रंगला. अंधारातल्या फुलाबद्दल बोलताना मी दगड उचलून सगळ्यांना दाखवला. पहिल्या रांगेत बसलेल्या शैलाताईंनी डोळे पुसले. मला वाटलं, जमतंय की!

मग उत्तररंग. बुवा कुजबुजले, मी खणखणीत आवाजात म्हणालो, "वॉटफर्ड नगरीत एक महाज्ञानी गृहस्थ राहत होता!"

बुवा कुजबुजले. मी म्हणालो, "त्याचं घड्याळ कधीच चुकत नसे!"

टाळ्या पडल्या. तिसरं वाक्य कानात आलं तेव्हा कुठे मला कळलं. पण दोनशे माणसं बघत होती आणि बुवांनी माझा कोट घट्ट धरला होता. सगळं आख्यान मलाच सांगावं लागलं! तरंगणाऱ्या पिशवीसकट!

बुवा जाऊन आता तीन वर्षं झाली. त्या दिवसानंतर त्यांचा वरचा सूर पूर्वीसारखा लागला नाही, पण त्यांनी कधी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. म्हणून एक मागणं. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ पुढे कराल, तेव्हा क्षणभर हरिदासबुवांची आठवण काढा.

माझी नाही काढलीत तरी चालेल. ती सुमेधा काढते. दर वर्षी, पहाटे, मला उठवून!