नावडें मुक्कामीं येसर सर केल्याची हकीकत

तमाम रांधणारांचे सेवेसी विज्ञापना ऐसीजे. ज्यांचे एके हातीं उलथनें व दुसरे हातीं पुस्तक, आणि तें पुस्तक ऐन फोडणीचे समयीं आपोआप मिटतें, त्यांचे समाधानास्तव नावडे वसाहतींत चौथे मजल्यावरील वर्तमान जैसें घडलें तैसें लिहिलें आहे. पदरचा मसाला घातला नाहीं.

त्या मजल्यावर राजश्री चंद्रशेखर, तळोजियाचे एका कारखान्यांत कारकुनी करून, कबिल्यासह राहत होते. कुटुंब शर्मिलाबाई, कन्या मैत्री, आणि मातोश्री बयाबाई, ज्या जालना प्रांतांतून येऊन पंचवीस वर्षें स्वयंपाकघराचा मुलूख राखून होत्या. मातोश्रींचा येसर मशहूर. येसर म्हणजे धान्य व मसाले भाजून दळिलेलें पीठ. त्याचे आमटीवर लग्नाचीं वऱ्हाडें तृप्त होऊन गेलीं. तों मैत्रीस बडोद्याकडे नोकरी लागली आणि आठां दिवसांत निघणें आलें. तिनें आईस अर्ज केला, कीं आजीचे आमटीवांचून परमुलखांत निभाव नाहीं, सबब लिहून द्यावी. शर्मिलाबाईंस पेच पडला. कारण पंचवीस वर्षें नांदून ती आमटी त्यांस स्वतःस येत नव्हती, आणि आतां सासूस पुसणें म्हणजे पंचवीस वर्षांची अब्रू गमावणें.

मग मातोश्री दुपारीं बुद्धविहारांत गेल्या पाहून, एका पुस्तकावर मदार ठेवून पहिली स्वारी काढिली. पुस्तक जाडजूड, गुळगुळीत, चित्रें ऐसीं कीं पाहूनच ढेकर यावा. तें खलबत्त्याखालीं दाबून उघडें राखिलें, आणि मजकूर पाहिला तो येणेंप्रमाणें: धान्य एक वाटी, मसाले आवडीनुसार, खमंग होईतों भाजावें, मीठ चवीपुरतें. वाटी कोणाची आणि खमंग कोठवर, याचा कोठें ठाव नाहीं. ज्यास हें सारें आधींच येतें त्यासच तें पुस्तक उपयोगी, आणि त्यास पुस्तक कशाला पाहिजे, हें पुस्तककर्त्यांचे मनांत आलें नाहीं! शर्मिलाबाई चित्रांतला रंग येईतों भाजीत गेल्या, आणि येसर करपला, आणि धूर जिन्यांत उतरला, आणि खालून वॉचमनानें इंटरकॉमवर खबर पुसली. मग करपलें पीठ डब्यांत भरून माळ्यावर दडविलें.

मग मायलेकींची मसलत बसली. मैत्री रसायनशास्त्र शिकलेली. तिनें तोड काढिली, कीं आजीनें येसर करण्याआधीं सारे डबे वजनकाट्यावर तोलावे, मागाहून पुन्हां तोलावे, जो फरक निघेल तोच आजीचा अंदाज. मनसुबा नामी होता. मातोश्रींनीं येसर भाजिला आणि बाहेर पंख्याखालीं बसल्या, परंतु चष्मा आंत राहिला म्हणोन परतल्या, तों सून धण्याचा डबा काट्यावर ठेवून आंकडा टिपीत आहे. सासू डबे उपसून गांवाकडे धाडिते, ऐसा संशय घेऊन सुनेनें चौकी बसविली, हा त्यांचा समज जाहला.

"मी काय चोर हाय का गं शर्मिले? मह्यावर पहारा ठिवतीस?"

इतकें बोलून पिशवी भरिली, जालन्याचे गाडीची वेळ पुसली, आणि दोन दिवस स्वयंपाकघरांत पाऊल घातलें नाहीं. राजश्री मोबाइलांत तोंड घालून तटस्थ राहिले. तीच त्यांची युद्धनीति. इकडे कन्येचे जाण्यास तीन दिवस उरले.

तेव्हां शर्मिलाबाईंनीं माळ्यावरला डबा काढून सासूपुढें ठेविला आणि शस्त्र खालीं टाकिलें.

"आई, मला येतच नाय हो येसर. इतकी वर्षं विचारायची लाज वाटली. आता मैत्रीला काय लिहून देऊ?"

मातोश्रींनीं चिमूटभर जिभेवर ठेविलें, तोंड वांकडें केलें, आणि मग ज्या हंसूं लागल्या त्या डोळे पुसूनच थांबल्या.

"काढ वही. आन पयलं हे लिव्ह, जळाला तर काय करायचं. तुमच्या बुकात समद्यांचं समदं बराबरच व्हतंय. मी नवी असताना तीन डाव जाळला व्हता, ते बी लिव्ह."

तह ठरला. मातोश्रींनीं मूठ भरावी, मैत्रीनें तोलावी, शर्मिलाबाईंनीं लिहावें. धण्याची मूठ अठ्ठावीस ग्रॅम भरली. तीन वेळां तोलिली, तीनही वेळां अठ्ठावीस, तेव्हां मैत्रीनें काटाच बिघडला काय म्हणोन उलटा करून पाहिला. बाजरी तडतडून थांबली कीं उतरावी, भाजतांना फोन आला तर वाजूं द्यावा, ऐसीं कलमें दाखल जाहलीं. पहिले पानावर मातोश्रींनीं साक्षरतेचे वर्गांत शिकलेली सही एकेक अक्षर थांबून केली, आणि वही सुनेकडे सारून तिचीही घेतली.

निघण्याचे आदले दिवशीं शर्मिलाबाईंनीं वही पुढें मांडून एकटीनें आमटी केली. सारे जेवावयास बसले. राजश्रींनीं दोन वाट्या भुरकून मोबाइलांतून मान वर काढिली आणि म्हणाले, "आई, आज फर्स्टक्लास झालीय तुझी आमटी."

सासू-सुनांनीं एकमेकींकडे पाहिलें. मातोश्रींनीं आपली वाटी सुनेपुढें धरिली आणि लेकास कांहींएक सांगितलें नाहीं. येणेंप्रमाणें येसर फत्ते जाहला तो दप्तरीं नोंदविला असे.