न मेलेल्या उपासनीचे वकील

भूपालअण्णांना मयतीला न्यायची सोय राहिली नव्हती. आमच्या गल्लीतले एक म्हातारे गृहस्थ गेले, तेव्हा सगळे अंगणात मान खाली घालून उभे होते आणि अण्णा तिरडीपाशी वाकून चादरीकडे एकटक बघत होते. मला वाटलं, जुना स्नेह, भरून आलं असेल. जवळ जाऊन मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तर ते माझ्या कानाशी लागून म्हणाले, "चादर दुहेरी टाकली तर आतला माणूस श्वास घेतोय का न्हाई, भाईरनं काय बी कळत न्हाई गड्या."

मी त्यांना दंडाला धरून फाटकाबाहेर काढलं.

अण्णा सांगलीतले आमचे शेजारी. कुपवाडला त्यांचं मोटारी भरायचं दुकान. शेतकरी जळालेले पंप आणून टाकायचे, अण्णा त्यातली जुनी तार काढून नवी भरायचे. मुलगी बेळगावला दिलेली, घरात दोघंच, ते आणि सुनंदावहिनी. माणूस मोठा सरळ, पण बोलायला अत्यंत कंजूष. गिऱ्हाईक मोटार कशी जळाली, विहीर कुणाची, भावाशी भांडण कशावरून, सगळं सांगायचं आणि अण्णा म्हणायचे, "ठेवा." घरीही तोच प्रकार. वहिनी एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या, "आमच्यात लग्नापास्नं जेवडं बोलणं झालं, तेवडं तुमच्यात एका जेवणाला हुतंय."

असा हा माणूस साठीनंतर एकाएकी बोलायला लागला, आणि बोलायचा ते एकाच विषयावर. डिटेक्टिव्ह उपासनी.

उपासनी टीव्हीवरच्या मालिकेतला. उन्हातसुद्धा छत्री घेऊन हिंडायचा आणि गुन्हेगाराला बेड्या घालण्याआधी चहा पाजायचा. मालिका आमच्याकडे घरोघर बघत. अण्णांचं तर जैनाचं घर, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकलेली असायची, त्यामुळे वहिनी पहिल्या जाहिरातीपासून टीव्हीसमोर. शेवटच्या भागात पाचगणीच्या टेबललँडच्या कड्यावर, भर पावसात, उपासनी आणि खलनायक यांची झटापट झाली आणि दोघेही खाली गेले. मग पांढऱ्या चादरीखालचा देह दाखवला, तोंड काही दाखवलं नाही, आणि मालिका संपली. लोक दोन दिवस हळहळले आणि त्याच वेळेला लागणारी सासूसुनांची मालिका बघायला लागले.

अण्णा मात्र मला काही महिन्यांनी फाटकाशी गाठून म्हणाले, "उपासनी मेलेला न्हाई."

पहिल्या दिवशी त्यांचं म्हणणं होतं, की कड्याखाली स्ट्रॉबेरीवाल्यांचे प्लॅस्टिकचे मांडव असतात, त्यातल्या एकावर तो पडला असणार. मी 'असेल' म्हणून सुटका करून घेतली. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच म्हणाले, "मांडवाचं न्हाई जमत. पावसाळ्यात कुटली स्ट्रॉबेरी? प्लॅस्टिक काडून ठेवलेलं आसतंय."

"मग मेला म्हणायचा?"

"मेला कसा? जुळा भाऊ आसंल."

जुळा भाऊही टिकला नाही. दुसऱ्याच संध्याकाळी अण्णा पडेल चेहऱ्यानं सांगत आले, की उपासनीच्या आईच्या तेराव्याचा एक भाग झाला होता, भाऊ असता तर त्यात दिसला असता. मी विचारलं, हे कुणी काढलं? "घरात निघालं," ते म्हणाले. वहिनींच्या अंगावरून वारं गेलेलं, त्या खाटेवर पडून, कुणाशी एक शब्द बोलत नाहीत, हे मला ठाऊक होतं. तेव्हा अण्णा दुकान बंद ठेवून घरी बसून एकटेच डोकं चालवत असणार, असं मी धरून चाललो.

मग त्यांनी गावभर चौकशा सुरू केल्या. आमच्या डॉक्टरांना विचारलं, माणूस नाडी दाबून धरू शकतो का? डॉक्टरांनी त्यांचंच ब्लडप्रेशर तपासलं. कुपवाडच्या क्रेनवाल्याला विचारलं, कमरेला दोर बांधून उडी मारली तर मणका राहील का? तो घाबरून मला फोन करून म्हणाला, म्हातारबांवर जरा लक्ष ठेवा. कृष्णेवर रोज पोहायला जाणाऱ्या मंडळींना त्यांनी इतकं छळलं, की त्यांनी घाट बदलला. पोरं त्यांना 'उपासनी' म्हणूनच हाक मारू लागली. अण्णांना त्याचं काही वाटत नसे. वहिनी तशा पडलेल्या आणि ह्यांना हे सुचतंय, असं लोक म्हणत. मीही म्हणत होतो.

त्या पावसाळ्यात मला कारखान्याच्या कामासाठी साताऱ्याला जायचं होतं. अण्णांनी मुलीला दोन दिवस बोलावून घेतलं आणि माझ्या गाडीत येऊन बसले. "पाचगणी दाकव एकदा," एवढंच म्हणाले. काम उरकून मी त्यांना वर घेऊन गेलो. टेबललँडवर धुकं येत-जात होतं, वारा छत्री उलटी करत होता. अण्णा कड्याच्या कुंपणापाशी गेले, खिशातनं मोबाइल काढला आणि व्हिडिओ कॉल लावून फोन दरीकडे धरला.

"ही बघ. हितनं पडला. खाली झाडी हाय, दिसली? झाडात आडकला आसंल."

फोनमधून बराच वेळ नुसती खरखर आली. मग एक जड, ओढत ओढत येणारा आवाज आला. शब्द अर्धे होते, पण कळत होते. "झाडं... लांब हायती. कडा... सरळ हाय. आडकंल कसा?"

वहिनी बोलत होत्या.

"मग म्हागं वळून पडला आसंल," अण्णा ओरडून म्हणाले. वाऱ्यामुळे ओरडावंच लागत होतं.

"म्हागं... कोण पडतंय? खुळं."

अण्णा हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं.

परत येताना उंब्रजला चहाला थांबलो. अण्णा आपणहून सांगू लागले. आजारानंतर वहिनींनी बोलणं टाकलं होतं. डॉक्टर म्हणत होते, जीभ चालंल, पण त्यांनी बोलायला पाहिजे. मुलीनं विनवण्या केल्या, देवाचं म्हणून बघितलं, वहिनी भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. एक दिवस मालिकेचा तो शेवटचा भाग पुन्हा लागला आणि त्या पहिल्यांदा बोलल्या, "आसा कसा मेला?"

"मला काय बोलावं कळंना," अण्णा म्हणाले. "हयातीत कवा बोललोय? म्हटलं, मेला न्हाई. तर म्हणली, कसं? आता काय तरी सांगाय पायजे का न्हाई? सांगितलं. तिनं खोडून काडलं. त्यातच चार वाक्यं बोलली. म्हटलं, हे बरं हाय. रोज एक युक्ती न्यायची, ती मोडती."

"आणि तुम्हाला काय वाटतं अण्णा? वाचला असेल?"

त्यांनी कप खाली ठेवला. "मेला की रं. तितक्या वरनं पडून कोण जगतंय? पण तिला बोलू नगंस."

त्यानंतर मीही कामाला लागलो. कारखान्यातल्या लोकांकडून उपासनीला वाचवायच्या युक्त्या गोळा करायचो आणि संध्याकाळी अण्णांना द्यायचो. कधी स्वतःच खाटेशी बसून सांगायचो. खाली खोल डोह असेल, ही माझी युक्ती वहिनींनी एका शब्दात निकालात काढली. "कुटं?" म्हणाल्या. त्यांचं बोलणं सुधारत होतं. अण्णांवर त्या चिडतसुद्धा होत्या, आणि अण्णा बाहेर येऊन मला अभिमानानं सांगत, आज लय बोलली.

थंडीत वहिनींना दुसरा झटका आला. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

अण्णा पुन्हा दुकानात जायला लागले. फाटकाशी थांबेनासे झाले. पोरांनी उपासनी म्हणून हाक मारली तर वळून बघत नसत, आणि हळूहळू पोरांनीही ते सोडून दिलं.

यंदा त्या मालिकेचा नवा भाग आला. उपासनी परत आला, छत्रीसकट. दुसऱ्या दिवशी मी अण्णांच्या दुकानात गेलो. सांगावं की नाही, हे वाटेत ठरत नव्हतं. ते मोटारीत तार भरत होते. मी सांगितलं. हात न थांबवता त्यांनी विचारलं, "कसं वाचला म्हणले?"

"पोलिसांनी आधीच कड्याखाली जाळं बांधून ठेवलं होतं म्हणे."

त्यांचा हात थांबला. "जाळं. त्या पावसात, त्या वाऱ्यात. आनि बांधलं कशाला धरून? झाडं तर लांब हायती."

"तसंच दाखवलंय."

अण्णांनी तारेचं टोक खाली ठेवलं. "तिला पटलं नसतं," ते म्हणाले, आणि मान वर करून माझ्याकडे बघत राहिले, मी पुढची युक्ती काढीन म्हणून.