रिलीव्हर आल्याशिवाय

आमचे बालाघाटचे शेजारी मेश्रामकाका पंगतीतून उठताना आपल्या जागी दुसऱ्याला बसवूनच उठत. ते जंगलखात्याच्या नाक्यावर चौकीदार होते. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा तिथला नियम. काकांनी तो घरीदारी लागू केला होता. एकटेच राहत. चुलीवर दूध असलं की माझ्या बायकोला हाक मारत, "पोरी, मले रिलीव्ह कर, आंघोळीले जातो."

एकदा कटंगीच्या बाजारात कुणीतरी त्यांच्या हाती शेळीची दोरी दिली आणि 'आलोच' म्हणून गेला तो गेलाच. काका संध्याकाळपर्यंत दोरी धरून उभे. परतीची बसही निघून गेली. लोक म्हणाले, खांबाला बांधा आणि चालू लागा. काका म्हणाले, "खांब का रिलीव्हर आहे?"

पुढे बायकोला बाळंतपणासाठी दवाखान्यात नेलं. सासूबाईंना आणायला मी लांजीला निघालो. काकांची सुट्टी होती, म्हणून त्यांना तिथे बसवलं. दुपारपर्यंत येतो म्हटलं होतं. येताना बस बंद पडली आणि आम्ही पोचलो दुसऱ्या दिवशी सकाळी.

काका खोलीबाहेरच्या बाकावर होते. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. माझा जीव भांड्यात पडला. नर्सबाई सांगू लागल्या, यांना कितीदा घरी जा म्हटलं, पण हलले नाहीत. आतून कण्हणं ऐकू आलं की दाराशी येऊन म्हणायचे, "मी इथंच आहो, पोरी."

सासूबाई आत गेल्या. मी म्हणालो, "काका, आता जा, झोपा जरा."

ते उठले नाहीत. खाली बघत म्हणाले, "माह्या बाईच्या येळेले माहा रिलीव्हर आलाच नाई. मी नाक्यावरच बसून राह्यलो. घरी गेलो तं दोघंही गेलते."

इतक्या वर्षांच्या शेजारात हे मला ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात सासूबाई बाळाला घेऊन बाहेर आल्या. मी हात पुढे केले, मग मागे घेतले आणि काकांकडे बोट दाखवलं. त्यांनी धोतराला हात पुसले, पुन्हा पुसले आणि मुलीला मांडीवर घेतलं. तिनं जांभई दिली. काका हसले.

मी चहा आणायला गेलो, तो मुद्दामच उशिरा परतलो.