काळा कोट आणि हिरवी टोळी

"घरकामात एवढं अवघड काय असतं?" हे वाक्य मी बायकोसमोर बोललो, तेही पूर्ण शुद्धीवर असताना! बायको वकील. तिने शब्द लगेच पकडला.

"उद्या माझी पहिली स्वतंत्र केस आहे. एकुलता एक कोट आहे. धुऊन वाळत घाल."

"चुटकीसरशी!"

ती गेली. मी कोट धुतला, गॅलरीतल्या दोरीवर माझ्या मोजे-बनियनशेजारी टाकला, चिमटे लावले आणि लढाई जिंकल्यासारखा चहा घेऊन बसलो. तेवढ्यात... टक्!

चिमटा खाली! बघतो तर दोरीवर पोपटांची टोळी. पाळीव नव्हे हो, समोरच्या झाडावरचे, अस्सल रानटी! एकजण उलटा लटकून झोके घेत होता. दुसरा चिमटा उपसायचा, खाली सोडायचा आणि तो आपटेपर्यंत मान वाकडी करून बघत राहायचा. आवाज आला की सगळे मिळून असा कालवा, जणू शाळा सुटली!

"हुश्! हुश्!" मी टॉवेल फडकवला. उलट्याने पंख फडकवले. मी डावीकडे झुकलो, तोही झुकला. मी उजवीकडे, तोही! लबाडाने मला खेळात घेतलं होतं. आणि खोटं कशाला बोलू, मी रमलो. तेवढ्यात कोटाचा शेवटचा चिमटा निघाला.

कोट खाली! तळमजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर अंगणात आरामखुर्चीत पेंगत होते. थेट त्यांच्या डोक्यावर!

"अगं, लाइट गेले!"

"भरदुपारी?" आतून त्यांच्या बाई ओरडल्या. "डोळे उघडा!"

"उघडेच आहेत!"

बाई बाहेर आल्या. खुर्चीत बिनडोक्याचं काळं काहीतरी हातपाय झाडत होतं! त्यांनी झाडांना पाणी घालायचा पाइप उचलला आणि त्याच्यावर रोखला.

मी धावत खाली पोचलो, तेव्हा मास्तर निथळत होते. कोट चिखलात.

"मी नाही टाकला! पोपटांनी टाकला!"

गृहपाठाची वही गाईने खाल्ली म्हणणाऱ्या पोराकडे बघावं तसं मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. इतक्यात वरून माझा एक मोजा त्यांच्या खांद्यावर उतरला. पाठोपाठ दुसरा. वर कठड्यावर हिरव्या माना तिरक्या झालेल्या!

"अरेच्चा!" मास्तर खुलले. "जोडी लावून टाकतात हो!"

आम्ही तिघं वर बघत टाळ्या पिटत असताना फाटकातून बायको आली.

"माझा कोट?"

आम्ही तिघांनी एकदम वर बोट दाखवलं. तिने चिखलाकडे बघितलं, मग वर. माझा बनियन चोचीत धरून दोघांची रस्सीखेच चालली होती. आठवडाभर केसच्या धास्तीने नीट न जेवलेली माझी बायको पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

कोट बाईंनी पुन्हा धुतला, पंख्याखाली वाळवला, कडक इस्त्री केली. सकाळी बायको ऐटीत कोर्टात गेली. न्यायाधीश रजेवर!

पुढची तारीख मिळाली, म्हणजे कोट पुन्हा धुणं आलं. आता वाळत तीच घालते. मला खाली मास्तरांच्या शेजारी खुर्ची दिली आहे. झेलायला!

मास्तर झेलतात. माझ्या हातून अजून सुटतात.