लंकाआत्याचं नाव

रंगनाथला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत बरंच काही आलं होतं, फक्त तोंडावर 'नाही' म्हणता येत नव्हतं. त्यामुळे घरमालकीण गोजरबाई म्हणाली, "रंगनाथ, तू कालेजात शिकतोस. उद्या भाचीचं लगीन हाय, मंगलाष्टकं तूच लिही," तेव्हा तो लगेच "हो मावशी" म्हणून मोकळा झाला.

आणि दुसऱ्याच दिवशी अर्थशास्त्राचं ट्यूटोरियल द्यायचं होतं! दुपारी बारा वाजेपर्यंत देशमाने सरांच्या हातात पडलं नाही, तर टर्मवर सही नाही. टर्म गेली की वर्ष गेलं. जामखेडहून वडलांनी आधीच कळवलं होतं, 'नापास झालास तर गुमान घरी ये. शेरडं राखायला माणूस पाहिजेच आहे.'

चिमणीच्या उजेडात रंगनाथनं एका हाताला सहकारी साखर कारखाने घेतले आणि दुसऱ्या हाताला गोजरबाईच्या गोताची यादी. मंगलाष्टकात सगळ्यांची नावं यायला हवीत, नाहीतर माणसं रुसतात. बनुबाई वृत्तात निमूट बसली, कारभारीमामाही बसले, पण काकासाहेब काही केल्या बसेनात. (शेवटी त्यांचे नुसते 'काका' केले.)

रात्री बाराला दोन्ही कामं उरकली. अंथरूण टाकतोय तोच दार वाजलं. गोजरबाईमागं नवरीची लंकाआत्या उभी.

"यादीत समद्यांची नावं हायती, माझंच न्हाई व्हय? मग मी मांडवात पाय ठेवत न्हाई!"

"घालतो आत्या," रंगनाथ म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

मंगलाष्टकात खाडाखोड अशुभ, म्हणजे सगळं पुन्हा लिहिणं आलं. पेंगत पेंगत त्यानं समोरच्या कागदावर एका ओळीत आत्याचं नाव घुसवलं, मग एक कोरा कागद ओढून सगळं लिहून काढलं आणि तिथंच टेबलावर डोकं टेकलं.

जाग आली तेव्हा साडेदहा वाजले होते. पहाटे कारभारीमामा कागद घेऊन गेले होते. ट्यूटोरियलची पानं मोजली तर चारच! पाचवं, निष्कर्षाचं पान? रात्री ज्याला तो कोरा कागद समजला, ती त्या पानाची मागची बाजू होती!

तो तसाच मांडवाकडे पळाला. कारभारीमामा कागद तोंडासमोर धरून घसा फोडत होते. मंगलाष्टकं त्यांच्याकडे, निष्कर्ष पाहुण्यांकडे. आणि पहिल्याच रांगेत, हातात अक्षता घेऊन, चष्मा सावरत निष्कर्ष वाचत कोण उभे होते? देशमाने सर! नवरदेव त्यांचा पुतण्या निघाला.

रंगनाथ बँडवाल्यांच्या मागं दडला. पण नाव आणि रोल नंबर कागदावर होतेच. शेवटचं 'सावधान' झालं, तशी हाक आली, "रोल नंबर बेचाळीस! इकडे ये."

"सर, चुकून... बाकीची चार पानं खोलीवर आहेत, आत्ता आणतो."

"पळ. माझ्या बत्तीस वर्षांच्या नोकरीत ट्यूटोरियलवर अक्षता पडलेल्या मी प्रथमच पाहतोय."

चार पानं घेऊन तो धापा टाकत परत आला, तर लंकाआत्या पिशवी काखेत मारून एस.टी. गाठायला निघालेली. "माझं नाव आलंच न्हाई! फशिवलंस मला!"

"घातलं होतं की आत्या!"

"घातलंय, पण इकडे," सर कागद उलटवून म्हणाले आणि त्यांनी निष्कर्ष मोठ्यानं वाचला, "'सहकारामुळे ऊस उत्पादक, कामगार व लंकाबाई यांचा सर्वांगीण विकास होतो.'"

मांडवात हशा पिकला. लंकाआत्यानं मात्र पिशवी खाली ठेवली. "कालेजच्या पेपरात हाय व्हय? मंग ऱ्हाऊ द्या. मांडवातलं इसरत्यात लोक."

सरांनी खिशातून पेन काढलं, पाचही पानं चाळली आणि सही ठोकली. रंगनाथचा जीव भांड्यात पडला. टर्म वाचली, शेरडं टळली! डोळ्यांत पाणीच आलं त्याच्या.

"सर, ते लंकाबाई तेवढं खोडतो."

"अजिबात नको," सर म्हणाले. "पाच पानांत तेवढाच एक शब्द तुझा आहे. बाकी सगळ्या माझ्या नोट्स आहेत."