काळ्या खडकातले राजविश्रांतिस्थान

मुलांनो, एका जंगलाला समुद्राकाठी एक चिमुकले उपनगर होते. तिथे केवड्याचे बन होते, काळा खडक होता आणि सूर्यास्त होता. सूर्यास्त मात्र शेजारच्या उपनगरातही दिसे.

खडकाच्या खळग्यात चिंबोरीबाई नावाची खेकडीण राहत असे. दर वर्षी तिचे जुने कवच गळून पडे आणि नवे कठीण होईपर्यंत अंग लोण्यासारखे मऊ राही. तेवढे दिवस हा खळगाच तिचा आधार. बाहेर घारी टपलेल्या असत.

एकदा राजधानीतून इतिहासाधिकारी कोल्हा आला. सिंहमहाराजांना प्रेक्षणीय स्थळे हवी होती. कोल्ह्याने प्रथम चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या माशाला विचारले. त्याने प्रामाणिकपणे सांगितले, की इथे भरती येते आणि ओहोटी येते. याखेरीज काही घडत नाही.

चिंबोरीबाईला हे फार लागले. ती पुढे झाली आणि म्हणाली, की शिकारीहून दमून आलेले महाराजांचे पणजोबा याच खळग्यात विसावले होते.

“काकी, त्यांचे शेपूट तरी मावले असते का त्यात?” निवटा म्हणाला.

“इतिहासाला फार जागा लागत नाही,” कोल्हा म्हणाला.

पाटी लागली. सशांच्या सहली येऊ लागल्या. हरणे खडकाला प्रदक्षिणा घालू लागली. चिंबोरीबाई दारात बसून कथा सांगे. आठवड्याभरात पणजोबा तिच्या कथेत घोरूही लागले.

मग हुकूम आला : राजविश्रांतिस्थानात कोणीही वास्तव्य करू नये. नेमके तेव्हाच चिंबोरीबाईचे कवच सैल होऊ लागले होते. ती धावत कोल्ह्याकडे गेली आणि आपण खोटे बोललो, अशी तिने कबुली दिली.

कोल्हा समजुतीच्या स्वरात म्हणाला, “बाई, खोटे तुम्ही बोललात, हे मान्य. पण आता ते आम्ही बोलतो आहोत.”

निदान दर्शनाच्या निमित्ताने आत शिरावे, म्हणून ती रांगेत उभी राहिली. दाराशी रानडुकराने तिला अडवले. पवित्र स्थळी तिरके चालण्यास मनाई होती.

अखेर निवट्याने तिला आपल्या चिखलातल्या बिळात घेतले.

“राहा काकी, कवच येईपर्यंत,” तो म्हणाला. “फक्त कोणी विचारले, तर इथे काही घडलेले नाही, एवढे सांगा.”

तात्पर्य : खोटे अवश्य बोलावे, मात्र ते शेजाऱ्याच्या घराविषयी बोलावे.