विलासअण्णा सगळं बंद करतात

आमच्या बेळगावच्या अनगोळात कुणाला "बरं हाय न्हवं?" असं विचारलं तर तो आपली शुगर सांगतो, गुडघा सांगतो, फारच झालं तर सुनेचं सांगतो. विलासअण्णांना विचारलं तर ते दुसऱ्याची सेटिंग सांगतात.

"त्यो बाबू बघा," समोरच्या गेटाकडं हनुवटी करून ते म्हणतील. "काल बायकोसंगं वाजलंय. आज फुल्ल ऑन हाय गडी. जरा चाक हाललं की ब्रेक. आज त्येच्याकडं काय मागू नका."

अण्णांच्या हिशोबानं जगात तीन सेटिंगची माणसं आहेत. पहिली फुल्ल ऑन, म्हणजे पाय घसरायच्या आधीच स्वतःला सावरणारी. दुसरी ट्रॅकवाली, जरा घसरू देणारी आणि मग सावरणारी. तिसरी सगळं बंद केलेली. "तिसऱ्याला कोण वाली न्हाई," अण्णा म्हणतात. "त्यो आणि त्येचा देव." आणि मग छातीवर बोट ठेवून, आवाज खाली आणून, "आपुन तिसऱ्यातलं."

मला त्यांनी कुठं बसवलंय हे विचारायचं धाडस मी अजून केलेलं नाही. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो आणि रस्ता ओलांडताना तीनदा मागं वळून बघतो, त्यावरून अंदाज येतोच.

हे सगळं त्या गाडीमुळं झालं. अण्णांचं खासबागेत साड्यांचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. कपाळाला गंध, पांढरा शर्ट, बोटात पोवळं, साठी उलटलेली. अशा माणसानं गोव्याहून जुनी स्पोर्ट्स कार आणली. पिवळीधमक, बुटकी, दोनच माणसांची. ती गल्लीत शिरली त्या दिवशी लोक गॅलरीत येऊन उभे राहिले. गाडी इतकी खाली की आमच्या गल्लीतल्या पहिल्याच स्पीडब्रेकरवर तिचं पोट टेकलं आणि ती तिथंच अडकून बसली. तेव्हापासून अण्णा सीटच्या मागं दोन फळ्या बाळगतात. ब्रेकर आला की उतरायचं, फळ्या लावायच्या, गाडी काढायची, पुन्हा उतरून फळ्या आत घ्यायच्या. गल्लीतून मेन रोडला लागेपर्यंत माझा चहा पिऊन होतो.

या गाडीत स्टॅबिलिटी कंट्रोल नावाची वस्तू आहे. ती काय करते हे अनगोळात आता शेंबड्या पोराला पण पाठ आहे. वळणावर गाडी घसरायला लागली की आतला कॉम्प्युटर आपण होऊन एकेका चाकाचा ब्रेक धरतो आणि गाडी सरळ करतो. चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. तिचं एक बटण आहे, गिअरच्या शेजारी. अण्णा दुकानात गिऱ्हाईकाला हे साडीच्या पिनांवर समजावतात.

"नवरी नाचणार हाय काय?" ते मुलीच्या आईला विचारतात. "मग पिना फुल्ल ऑन. खांद्याला तीन, कमरंला दोन. आणि नुसतं फोटोला उभं ऱ्हाणार असंल तर ट्रॅक सेटिंग. दोन पिना बास." मुलीची आई कपाटाकडं बघत विचारते, "आणि ती जांभळी केवढ्याची?"

कोल्हापूरच्या बाजूला एक ट्रॅक आहे. अधूनमधून रविवारी तिथं कुणीही आपली गाडी घेऊन जावं, पैसे भरावेत आणि पोट भरून पळवावी. अण्णा एकही रविवार चुकवत नसत. निघायच्या आधी चारी चाकांखाली लिंबं, बॉनेटवर हळदकुंकू, पुढं नारळ. मग डावीकडचं दार उघडं धरून ते घराकडं बघत हाक मारायचे, "सुमन, येतीस काय?"

आतून वहिनींचा आवाज यायचा, "तुमी जावा!"

अण्णा दार धरून अजून जरा थांबायचे. आणि मग मला म्हणायचे, "बसा सर."

त्या सीटवर वहिनींनी एकदा बसावं एवढीच त्यांची इच्छा होती. दुसरी कुठली मी ऐकलेली नाही. वहिनी भ्यायल्यात असं मी समजून चाललो होतो. सगळं बंद करून गाडी हाणणाऱ्या माणसाशेजारी कोण शहाणी बाई बसेल?

वाटेत अण्णांचं तोंड अखंड चालू. वळणाचं आतलं टोक म्हणजे ॲपेक्स, ग्रिप, टायरचा दाब, मग मध्येच कांजीवरमचे भाव. मात्र निपाणीच्या अलीकडं तवंदी घाट लागला की ते एकदम गप्प व्हायचे. गाडी डाव्या कडेला, वेग बैलगाडीचा. उसाचे ट्रॅक्टर आम्हाला मागं टाकून जायचे आणि वरून ट्रॅक्टरवाले या पिवळ्या गाडीकडं कीव आल्यासारखं बघायचे. एकदा मी विचारलं, "अण्णा, गाडीला काही झालंय का?" तर म्हणाले, "घाट हाय." घाट संपला की पुन्हा ॲपेक्स.

ट्रॅकवरही लिंबं व्हायचीच. बाकीचे लोक टायरला पकड मिळावी म्हणून फडक्यानं टायर पुसतायत आणि आमचे अण्णा त्याच टायरांखाली लिंबू चिरडतायत. तिथं शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या, कोल्हापूरच्याच, तिशीतल्या, उन्हानं रापलेल्या. त्या लांबून ओरडायच्या, "काका, लिंबू उचला! मागचा घसरून पडेल!" अण्णा मान डोलवायचे, एक उचलायचे, तीन ठेवायचे.

मग हेल्मेट, मग पट्टा, मग तो सोहळा. अण्णा उजव्या हाताचं बोट कपाळाला लावायचे, मग तेच डावीकडं नेऊन गिअरशेजारचं बटण टच्कन दाबायचे. समोर स्पीडच्या काट्याशेजारी एक पिवळा दिवा लागायचा. "झालं," अण्णा म्हणायचे. "सगळं बंद." आणि आम्ही सुटायचो. वळणावर माझं पोट एकीकडं आणि मी एकीकडं. गाडी जरा घसरल्यासारखी व्हायची आणि परत सरळ व्हायची. "बघितलासा?" अण्णा ओरडायचे. "कॉम्प्युटर न्हाई. आपला हात!"

एका रविवारी मॅडम बराच वेळ वळणावर उभ्या राहून आमची गाडी बघत होत्या. आम्ही आत आलो तशा खिडकीशी आल्या.

"काका, तुमचं कंट्रोल चालू आहे."

"बंद हाय. दिवा बघा की."

"दिवा लागतो. पण नुसतं दाबून सोडलं की ते ट्रॅक सेटिंगवर जातं. पुरतं बंद करायचं असेल तर बटण दाबून धरायचं, दुसरा दिवा लागेपर्यंत. तुमची गाडी प्रत्येक वळणावर सावरली जातेय. मला इथून दिसतंय."

आजूबाजूला पाच-सहा जण जमले होते. पुण्याचा एकजण म्हणाला, "म्हणजे काका, इतके दिवस कॉम्प्युटरच चालवत होता?" सगळे हसले. मीही हसलो, कारण प्रसंग हसण्यासारखाच होता. मग अण्णांकडं बघितलं आणि हसू आवरलं. त्यांनी हेल्मेट काढलं. आतल्या फोमला गंध लागलं होतं, ते अंगठ्यानं पुसत बसले.

आम्ही बेळगावला परतलो. गाडी घरासमोर लागली, तिच्यावर दुकानातल्या जुन्या सुती साड्या शिवून केलेलं कव्हर चढलं, ते उतरेच ना. दुकानात कुणी मुद्दाम "अण्णा, हिला पिना किती?" विचारलं तर म्हणायचे, "लागतील तेवढ्या." बाबूचं बायकोशी दोनदा वाजलं, त्याची सेटिंग कुणी सांगितली नाही. गल्लीला चुकल्याचुकल्यासारखं झालं. मला तर फारच.

शेवटी मीच त्यांच्या घरी गेलो. अण्णा दुकानात होते. वहिनींनी बशीत खव्याचा कुंदा आणून ठेवला आणि समोर बसल्या. बसताना त्या डावा पाय हातानं धरून पुढं घेतात, हे मी नेहमी बघायचो. संधिवात असेल म्हणून सोडून दिलं होतं.

"वहिनी, तुम्ही एकदा त्यांच्याबरोबर जाऊन या ना," मी म्हटलं. "तेवढीच त्यांना उभारी येईल. भ्यायचं काही कारण नाही. कंट्रोल चालूच असतं, हे आता जगजाहीर आहे."

"मी भ्यालते म्हणून सांगितलं कुणी?" वहिनी म्हणाल्या. "सर, लगीन झालं त्या वर्षी आमी स्कूटरवरनं निपाणीला गेलतो, माझ्या मावशीकडं. तवंदी घाटात साखर कारखान्याच्या मळीचा टँकर गळत गेलता. सगळा रस्ता चिकट. स्कूटर घसरली. ह्येना खरचटलं बी न्हाई. माझा पाय मोडला, सळी घातली. झालं, एवढंच. माणसं काय पडत न्हाईत?"

"मग?"

"मग काय. मला घेऊन दवाखान्यात ह्येच पळाले, सा म्हयने उचलून ह्येनीच ठेवलं. पण त्या पडण्यावर एक शब्द न्हाई काढला आजपातूर. मी काढला तर उठून जातात. आणि मी मागं बसले की स्कूटर चालत बी न्हाई, पळत बी न्हाई. आदली कार घेतली तवा बी त्येच. एकटं गेले की सुसाट, मी बसले की तिरडी निघाल्यागत." त्यांनी पदर सारखा केला. "मी कवाच पडून उठले हो. ह्येंच्या मनात मी अजून पडायलेय. मी म्हटलंय त्येना, एकटं असताना जशी चालवतासा तशी माझ्यासंगं चालवा, त्या दिवशी बसते."

वहिनींनी माझी बशी बघितली आणि अजून एक चमचा वाढला.

"आता हाय कवा ते ट्रॅक?" त्यांनी विचारलं.

पुढच्या ट्रॅकच्या रविवारी अण्णांनी हाक मारलीच नाही. अण्णांना कसंही करून ट्रॅकवर न्यायचं म्हणून मीच कव्हर काढलं होतं. ते फळ्या आत ठेवत होते, एवढ्यात वहिनी बाहेर आल्या. नऊवारीत नव्हे, पंजाबी ड्रेसमध्ये. अनगोळनं त्यांना पंजाबी ड्रेसमध्ये पहिल्यांदा बघितलं. पाय हातानं उचलून आत घेतला आणि पट्टा लावला. अण्णा लिंबं चाकांखाली ठेवायची विसरले, ती त्यांच्या हातातच राहिली. मी माझ्या गाडीतून मागून गेलो आणि तवंदी घाटात दोनदा मला वाटलं की आम्ही उलटे चाललोय.

ट्रॅकवर अण्णांनी तीन फेऱ्या मारल्या. ॲम्बुलन्स पण त्यापेक्षा जोरात फिरते. मॅडमनी गाडी बाहेर घ्यायला लावली आणि कडेच्या मोकळ्या डांबरी मैदानाकडं न्यायला सांगितली. तिथं पाणी सोडून जमीन ओली ठेवतात. आजूबाजूला धडकायला काही नाही. गाडी घसरते म्हणजे काय, ते तिथं शिकवतात. गाडीत तिसऱ्याला जागा नाही म्हणून मॅडमनी वहिनींच्या हातात एक वॉकीटॉकी दिला, दुसरा स्वतःकडं ठेवला. "बोलताना बटण दाबा," एवढं सांगितलं. वहिनींनी जे दाबलं ते सोडलंच नाही. त्यामुळं गाडीतलं सगळं आम्हाला ऐकू येऊ लागलं.

"काका, साधारण वेगानं या आणि स्टिअरिंग फिरवा," मॅडम हातानं खुणा करत होत्या. अण्णा आले, फिरवलं, गाडी किंचित हलली आणि सावरली. पुन्हा आले. पुन्हा सावरली.

"हे काय कामाचं न्हाई," वहिनींचा आवाज आला. "थांबवा बघू."

गाडी थांबली.

"हेच बटण न्हवं?"

"सुमन, हात काढ."

"दाबून धरायचं म्हणाल्या न्हवं त्या मॅडम? जेवताना, झोपताना तुमच्याकडनं तेवढंच ऐकलंय मी. उठायचं न्हाई बोट. तुमी टच् करून सोडला, म्हणून फसलासा."

"सुमन, नको गं. पाणी हाय खाली."

"दिसतंय मला. लागला बघा दुसरा दिवा. हां, आता जावा."

गाडी तिथंच उभी. बऱ्याच वेळानं ती हलली. या वेळी अण्णा खरंच वेगानं आले, मॅडमही एक पाऊल मागं सरकल्या. स्टिअरिंग फिरलं आणि मागची बाजू सुटली. पिवळ्या गाडीनं पाणी उडवत एक गिरकी घेतली, अर्धी अजून घेतली आणि ती उलट्या तोंडानं थांबली. इंजिन बंद पडलं.

वॉकीटॉकीतून फक्त श्वास ऐकू येत होता. मॅडम निघाल्याच होत्या, तेवढ्यात वहिनींचा आवाज आला.

"अहो. एवढंच व्हय?"

आणि त्या हसायला लागल्या. खळखळून, पोरीसारख्या. अण्णांचं काही ऐकू येईना. काचेतून दिसलं, त्यांनी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं होतं आणि पाठ हलत होती. हसणं थांबलं. बांगड्या वाजल्या, वहिनींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला असावा.

"त्या दिवशी मी पुढचा ब्रेक मारला गं," अण्णा म्हणाले. आवाज ओळखू येत नव्हता. "मळीवर. मारायचा नव्हता. मी भ्यालो आणि मारला. नसता मारला तर तू पडली नसतीस."

"ठावं हाय मला," वहिनी म्हणाल्या. "मागंच बसलेली न्हवं मी?"

मॅडमनी हळूच त्यांच्याकडच्या सेटचा आवाज बंद केला. आम्ही दोघं पाण्याच्या पाइपाकडं बघत उभे राहिलो.